‘एकच प्याला’: पश्चात्तापानंतरचा दुसरा दिवस

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली, नाटककाराच्या निधनानंतर, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. तेव्हापासून मद्यपाननिषेधाचे नाटक म्हणूनच त्याच्याकडे पाहण्याचा प्रघात पडला आहे. विठ्ठल सीताराम गुर्जर यांची पदे आणि बालगंधर्वांची सिंधू यांमुळे करुणरसाचा असा पूर लोटला की, नाटक नेमके कशाविषयी आहे हे विचारायला प्रेक्षकाला उसंतच मिळाली नाही. आपल्या पेडणे-डिचोलीकडच्या ज्या घराण्यांत संगीत नाटकाचा वारसा देवळापुढील मंडपातून आला, त्यांनाही सिंधू प्रथम आठवते ती तिच्या गाण्यांतून. परंतु डोळे पुसून संहिता पुन्हा वाचली, तर हे नाटक दारूचे जितके आहे, त्याहून अधिक ते भावनेच्या भरात घेतलेल्या निर्णयांचे आहे, असे ध्यानात येते.

सुधाकर हा वकील आहे. दोन्ही बाजू तोलून पाहणे हाच त्याचा व्यवसाय. न्यायालयात त्याचा अपमान होतो, सनद काही काळ काढून घेतली जाते आणि तळीराम पेला पुढे करतो. त्या पेल्याचे परिणाम सुधाकरला ठाऊक नाहीत असे मुळीच नाही. मात्र दुखावलेल्या अभिमानाला अपमान एवढा मोठा दिसतो की, त्याच्याशेजारी पेला अगदी लहान वाटू लागतो. भावना माणसाची बुद्धी हिरावून घेत नाही. ती वस्तूंची मापे बदलते. पुढे त्या बदललेल्या मापांवर बुद्धी आपले काम चोख करते, आणि सुधाकराची कुशाग्र बुद्धी तर पेल्याचीच वकिली करू लागते.

हा दोष केवळ मद्यपीचा नाही, हे दाखविण्यासाठीच गडकऱ्यांनी रामलालची योजना केली असावी. सर्वांना उपदेश करणारा हा सुज्ञ डॉक्टर शरदला मुलीप्रमाणे वागवतो, तिला शिकवतो, आणि आपल्या वात्सल्यात अभिलाषा केव्हा मिसळली हे त्याला स्वतःलाही कळत नाही. भगीरथाविषयी वाटणारा मत्सर त्याला तिची काळजी वाटते. ज्याने पेल्याला कधी स्पर्शही केला नाही, त्याचीही दृष्टी अशी गढुळते.

मग भावना बाजूला सारून निर्णय घ्यावेत काय? ते शक्य नाही आणि इष्टही नाही. मज्जाविकारतज्ज्ञ अंतोनियो दमासिओ यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे रुग्ण वर्णिले आहेत की, मेंदूच्या पुढील भागास इजा झाल्याने त्यांच्या भावना बोथट झाल्या. बुद्धी शाबूत राहिली, तरी रोजच्या आयुष्यातले साधे निर्णयही त्यांना धड घेता येईनात. कशाचेच काही वाटत नसेल, तर निवडीला आधारच उरत नाही. तेव्हा खरा प्रश्न भावना असावी की नसावी हा नसून, ती ओसरल्यावर निर्णय कशाच्या बळावर टिकतो, हा आहे.

नाटकाचे मर्म येथे आहे. सुधाकर एकदा खरोखर पश्चात्ताप पावतो, दारू सोडतो आणि काम मागण्यासाठी बाहेर पडतो. त्याची शपथ खोटी नाही. पण जग त्याला दारुडा म्हणून झिडकारते, जुनी जखम पुन्हा उघडी पडते, आणि केवळ पश्चात्तापावर उभी असलेली शपथ त्या धक्क्याने कोसळते. याउलट भगीरथ. तोही प्रेमभंगाने दारूकडे वळलेला. परंतु त्याला रामलालची सोबत लाभते, सेवेचे काम मिळते, आणि तो सावरतो. दोघांच्या मनोबळात फार अंतर आहे असे संहिता म्हणत नाही. अंतर आहे ते शपथेनंतरच्या दुसऱ्या दिवशी त्यांना काय भेटले, यात.

हे तत्त्व आपल्या भूमीला नवे नाही. मये, शिरगाव आणि मुळगाव या परिसरात सात बहिणी आणि भाऊ खेतोबा यांची जी कथा सांगितली जाते, तीत विस्तव आणायला गेलेला भाऊ खेळात रमला, म्हणून लईराई संतापाने त्याला लाथ मारते आणि लगेच पस्तावते. पण कथा पस्ताव्यापाशी थांबत नाही. देवी अग्नीतून जाण्याचे ठरविते आणि तो एका क्षणाचा निश्चय दरवर्षी वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत धोंड आपल्या अंगावर घेतात. आधी व्रत पाळून, उपवास करून, सोबत्यांसह. क्रोधाला अवधी लागला नाही. प्रायश्चित्ताला मात्र तिथी आहे, नियम आहे, मंडळी आहे. अर्थात, निव्वळ गर्दी म्हणजे आधार नव्हे. २०२५ साली याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविक दगावले, ते दुःख अजून ओले आहे. आधार असतो तो एकमेकांना सांभाळणाऱ्या नियमाचा.

गडकऱ्यांविषयी एक आक्षेप मात्र नोंदवलाच पाहिजे. नाटकाचा शेवट ते पहिल्या पेल्याच्या धोक्यावर आणून ठेवतात, आणि मरणासन्न सिंधू पतीला वाचविण्यासाठी खोटी जबानी देते, तेव्हा प्रेक्षकाचे अश्रू तिच्या निर्णयाची चिकित्सा होऊच देत नाहीत. सुधाकराला सोसणारी पत्नी मिळाली. त्याला काम देणारे दार मात्र उघडले नाही. या दुसऱ्या गोष्टीची जबाबदारी समाजावर येते, आणि सिंधूसाठी रडून आपण ती सोयीस्करपणे विसरतो.

‘एकच प्याला’ पुन्हा वाचताना, वा कोठे त्याचा प्रयोग लागल्यास तो पाहताना, सुधाकर काम मागायला जातो त्या भागाकडे रसिकांनी विशेष लक्ष द्यावे. तेथे पदे नाहीत आणि टाळ्याही नाहीत. आपल्या गावात दारू सोडून नुकताच कोणी कामाच्या शोधात निघाला असेल, तर त्याच्याशी आपण कसे वागतो याची परीक्षा त्याच प्रवेशात आहे.