खरं निघालं म्हणून काय झालं?

गेल्या महिन्यात इथल्या आम्ही आठ-दहा जणांनी एका घरी जमून तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'चं वाचन केलं. १९६७ साली रंगमंचावर आलेलं हे नाटक तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. वाचन संपल्यावर चहा घेताना एक काका म्हणाले, "पण बेणारेबाईंबद्दल ते बोलले ते खरंच निघालं ना?" पीएचडीनंतरही मी तर्कशास्त्रातच अडकलेली आहे, त्यामुळे हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

त्या कोर्टाचं कामकाज आठवून पाहा. सामंत हातातल्या कादंबरीच्या आधाराने साक्ष रचतो आणि ती ग्राह्य धरली जाते. न्यायाधीश काशीकर खुर्ची सोडून स्वतःच साक्षीदार होतात. सुखात्मे फिर्यादीचेही वकील आणि आरोपीचेही. वय झालं तरी लग्न नाही, म्हणजे चारित्र्यात खोट. बाई गप्प बसली, तर गप्प बसणं हाच पुरावा. प्राध्यापक दामले मात्र गैरहजर, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांचं नाव कुणी घालत नाही.

या सगळ्या तर्कदोषांना आडोसा देणारा शब्द एकच: 'खेळ'. बेणारे चिडली की हा नुसता खेळ असतो, मनाला लावून घ्यायचं नसतं. साक्ष हाती लागली की तीच खरी मानायची. पहिल्या अंकात आपणही हसतो, म्हणजे या सोयीच्या अदलाबदलीला आपलीही संमती असते.

आता काकांचा प्रश्न. बेणारे गरोदर आहे, हे खरं. पण डोळे मिटून मारलेला दगड आंब्याला लागला म्हणून नेम चांगला ठरत नाही. शिवाय ती गरोदर आहे एवढ्यावरून ती गुन्हेगार कशी ठरते? आरोप भ्रूणहत्येचा, आणि शिक्षा काय, तर पोटातला गर्भ नष्ट करा! न घडलेला गुन्हा इथे कोर्टच करायला सांगतं.

परदेशात आपलं वर्तुळ लहान असतं. एखादी बाई मंडळात यायची बंद झाली की "काहीतरी असल्याशिवाय का लोक बोलतात?" हे वाक्य ठरलेलं. ते मीही म्हटलेलं आहे. पुढे ती कुजबुज खरी निघाली, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याचीच आता लाज वाटते.