‘मानभावी’ म्हणण्याआधी: रसेल-हिरालाल यांची एक नोंद वाचताना

वरवर गोड बोलून आतून डाव साधणाऱ्या माणसाला आपण सहज ‘मानभावी’ म्हणून टाकतो. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हणही तुम्ही ऐकली असेलच. मानभाव म्हणजे महानुभाव. ज्या पंथाने आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात मराठीचा पहिला गद्यग्रंथ लिहिला, त्याच पंथाचं नाव मराठीत शिवीसारखं वापरलं जातं. पेट काढून सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेल्यांनी या गोष्टीकडे नीट बघायला हवं. बदनामी शब्दकोशात जाऊन बसली की ती पुरावा वाटायला लागते.

आज मी एकच नोंद तपासायला घेते. रसेल आणि हिरालाल यांचा ‘ट्राइब्स अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ऑफ इंडिया’ हा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली आला. वऱ्हाडातल्या कुठल्याही जातीवर किंवा पंथावर काम करायचं म्हटलं की गाईड आधी याच ग्रंथाकडे बोट दाखवतात. त्यात मानभावांवर स्वतंत्र नोंद आहे.

आधी तिची जमेची बाजू. कृष्णभट नावाच्या ब्राह्मणाने मांग बाई ठेवली, तिला चार मुलं झाली, ते ‘मांग-भाऊ’, आणि त्यावरून ‘मानभाव’, अशी एक कथा प्रचलित होती. १८८१ च्या वऱ्हाड जनगणनेचा अहवाल लिहिणाऱ्या किट्सच्या आधारे रसेल-हिरालाल स्पष्ट सांगतात, की ही कथा विरोधकांची आहे. ब्राह्मणांचं वर्चस्व नाकारणाऱ्यांना एका व्युत्पत्तीच्या जोरावर निकालात काढण्याचा हा प्रकार आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. १९१६ साली एवढं लिहिणं ही लहान गोष्ट नव्हती.

पण हीच नोंद पंथाची स्थापना सुमारे दोन शतकांपूर्वीची सांगते. संस्थापक म्हणून नाव येतं ते अर्जुनभटाचं, आणि त्याचा उपदेश ‘अशुद्ध’ जाती सोडून बाकी सगळ्यांना होता, असंही ती म्हणते. आता हे पंथाच्याच ग्रंथांशेजारी ठेवून बघा. चक्रधरस्वामी तेराव्या शतकातले. म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा १२७८ च्या सुमारास रिद्धपुरात एकत्र केल्या. म्हणजे काळाची चूक चारशे वर्षांहून जास्त आहे. आणि ‘ऋद्धिपुरचरित्रा’तले गोविंदप्रभू तर अस्पृश्य मानलेल्यांच्या घरी बिनदिक्कत वावरतात.

चांगल्या हेतूच्या अभ्यासकांची अशी गल्लत का व्हावी? कारण पंथाचे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. ल. भावे, वि. का. राजवाडे यांच्यामुळे हे वाङ्मय बाहेरच्या वाचकांना कळू लागलं. पुढे यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांनी ते अभ्यासून, संपादून छापलं. तोवर पंथाबद्दल बोलत होते ते बाहेरचे लोक आणि विरोधक. त्यातच १७८२ साली, सवाई माधवरावांच्या काळात, पंथाला निंद्य ठरवणारं आज्ञापत्र निघालं होतं. बोलायची सोय एकाच बाजूला होती, असं म्हणा ना!

युरोपातही असंच घडलं आहे. सोळाव्या शतकातल्या एका प्रोटेस्टंट चळवळीला विरोधकांनी ‘अ‍ॅनाबॅप्टिस्ट’, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा देणारे, असं नाव ठेवलं. १५३४-३५ मध्ये म्युन्स्टर शहरात त्यातल्या एका गटाने हिंसाचार केला आणि पुढची चार शतकं सगळ्यांनाच त्या मापाने मोजलं गेलं. १९४४ साली हॅरॉल्ड बेंडरने चळवळीची स्वतःची साधनं वाचून तिची बाजू मांडली. पण त्याने काढलेलं चित्र जरा जास्तच स्वच्छ आहे, चळवळीचा उगम एका जागी नव्हता, असं १९७५ मध्ये पुढच्या इतिहासकारांनी दाखवून दिलं.

हा धोका आपल्यालाही आहे. ‘मांग-भाऊ’ कथेला उत्तर देताना ‘छे, आमचे संस्थापक उच्चकुळीचे होते’ असं म्हटलं, की मांग असणं ही नामुष्कीच आहे, हे आपण कबूल करून बसतो. मग बचाव होतो तो विरोधकाच्याच अटीवर. खोटी व्युत्पत्ती खोटी म्हणूनच खोडा, आणि तिच्यामागचा तिरस्कारही नोंदवा. उलट, हा पंथ पुढे स्वतःच एक जात बनला, असं रसेल-हिरालाल म्हणतात, ते अडचणीचं आहे म्हणून झाकू नका. चक्रधरांची शिकवण आणि पाच-सहा शतकांनंतरचा व्यवहार यांत अंतर पडलं असेल, तर तेच अंतर तुमच्या संशोधनाचा प्रश्न होऊ शकतं.

पंथाचे ग्रंथही डोळे मिटून वाचू नका. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत हरवली, शिष्यांनी आठवणींतून ग्रंथ पुन्हा उभा केला, त्यामुळे पाठ वेगवेगळे आहेत. चक्रधरांचा शेवट कसा झाला, यावर परंपरा आणि कोलते यांचं एकमत नाही. परंपरा त्यांचं उत्तरापंथे गमन सांगते, तर कोलते शिरच्छेद मानतात.

सिनॉप्सिसमध्ये पूर्वसंशोधनाचा आढावा लिहाल, तेव्हा रसेल-हिरालाल जरूर घ्या. फक्त त्यांच्या प्रत्येक विधानापुढे ते कोणाकडून आलं हे लिहा: पंथाकडून, विरोधकाकडून, की जनगणनेच्या अधिकाऱ्याकडून. नेने आणि कोलते यांची संपादनं शेजारी उघडी ठेवा. रिद्धपूर मोर्शी तालुक्यात आहे, अमरावतीहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. तिथे आता मराठी भाषा विद्यापीठही आहे. आरआरसीसमोर उभं राहण्याआधी एकदा जाऊन याच.