गाळलेली स्त्री आणि उरलेली तर्कबुद्धी

दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेतील स्त्रीचित्रणाची चर्चा बहुधा गणनेपाशी थांबते. पडद्यावर स्त्रिया किती, त्यांपैकी अधिकारपदावर किती, त्यांच्या अंगावर वस्त्र किती. ही गणना निरुपयोगी नव्हे; परंतु पात्रसमूहात गुणांची वाटणी कोणत्या संकेतांनुसार होते, हा प्रश्न तिच्या हाती लागत नाही. त्यासाठी एका मालिकेतून गाळल्या गेलेल्या पात्राकडे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल.

अमेरिकेतील एन.बी.सी. वाहिनीसाठी जीन रॉडनबेरी यांनी १९६४-६५ मध्ये 'स्टार ट्रेक'चा पहिला नमुनाभाग, 'द केज', तयार केला. त्यात अंतराळयानाची उपप्रमुख एक स्त्री आहे. मॅजेल बॅरेट यांनी साकारलेली ही अधिकारी शांत, तर्कनिष्ठ आणि भावनांचे प्रदर्शन न करणारी आहे. तिला नाव नाही. 'नंबर वन' हे पदच तिचे नाव. याच भागात स्पॉकही आहे, पण तो हसतो, प्रसंगी ओरडतोही. वाहिनीने हा नमुना नाकारून दुसरा मागविला आणि १९६६ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा नंबर वन नव्हती. तिचे उपप्रमुखपद आणि तिची निर्विकार बुद्धी, दोन्ही स्पॉककडे गेली होती. वाहिनीला स्त्री अधिकारी नको होती, असे रॉडनबेरी सांगत असत. आक्षेप स्त्रीपात्राला नसून अभिनेत्रीच्या निवडीला होता, असे त्यांच्या काही सहकाऱ्यांचे म्हणणे. हेतूंचा हा वाद बाजूस ठेवला तरी गुणांचे हस्तांतर शिल्लक राहतेच.

हस्तांतरात गुण तेच राहिले, मूल्य मात्र पालटले. 'द केज'मधील परग्रहवासी मने वाचतात. नंबर वनची भावशून्यता हे बव्हंशी सोंग असून कप्तान तिच्या कल्पनाविलासाचा विषय आहे, असे ते सर्वांदेखत जाहीर करतात. मानवांची गुलाम प्रजा निपजविली जाण्यापेक्षा मरण पत्करू, हा निर्णय घेऊन शस्त्राचा स्फोट घडविण्यास सिद्ध होणारी तीच. तरीही संहिता तिचे रहस्य प्रणयात शोधते. स्पॉकच्या संयमाखालीही भावना आहेत. तेथे मात्र त्यांना दोन वंशांमधील द्वंद्वाचे, जवळजवळ शोकात्म असे गांभीर्य लाभते. स्त्रीचा संयम हे आवरण आणि पुरुषाचा संयम ही साधना, असा हा न्याय आहे.

बॅरेट यांचे पुढे काय झाले, हे याहून बोलके आहे. त्या परिचारिका क्रिस्टीन चॅपेल म्हणून परतल्या, आणि १९६६ च्या 'द नेकेड टाइम' या भागात चॅपेल स्पॉकवरील प्रेमाची कबुली देते. जी तर्कबुद्धी आधी त्यांच्याच पात्राची होती, तिच्यासाठी आता त्यांनी झुरावयाचे! यानातील संगणकाचा आवाजही त्यांचाच. बुद्धी पुरुषाकडे, आर्जव परिचारिकेकडे आणि वाणी यंत्राकडे, अशी एका स्त्रीची ही तीन ठिकाणी विभागणी. निशेल निकोल्स यांच्या उहुराचे ऐतिहासिक मोल वादातीत आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना मालिका न सोडण्याची गळ घातली होती. परंतु संदेशवहन सांभाळणारी उहुरा ही रिकामी जागा भरून काढीत नाही.

३ जून १९६९ रोजी प्रसारित झालेल्या 'टर्नअबाउट इंट्रूडर' या अखेरच्या भागात ती जागा उघडपणे निषिद्ध ठरते. स्त्रियांना कप्तानपद नाही, ही जॅनिस लेस्टरची तक्रार. यंत्राच्या साहाय्याने ती कर्कच्या देहात शिरते आणि अधिकार हाती येताच उन्मादाने कोसळते. तक्रार रास्त की अरास्त, हे तपासण्याऐवजी संहिता तक्रार करणारीलाच रुग्ण ठरविते.

नंबर वन पुढे २०१९ मध्ये 'डिस्कव्हरी'त आणि २०२२ पासून 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'मध्ये रिबेका रोमेन यांच्या रूपाने परतली. आता तिला ऊना चिन-रायली हे नाव आहे. लपविलेले काही आताही आहे, पण ते कप्तानाविषयीचे आकर्षण नव्हे. ते तिचे इलिरियन मूळ, म्हणजे कायद्याने निषिद्ध असलेली जनुकीय घडण. २०२३ च्या एका भागात त्यावरून तिच्यावर खटला चालतो आणि ती स्वतः साक्ष देते. तिची जुनी निर्विकारता मात्र तिला पुरती परत मिळालेली नाही; ती अजून स्पॉकचीच मानली जाते.