‘युनियनचा आवाज’ नेमका कोणाचा?

रिचर्ड फ्रीमन आणि जेम्स मेडॉफ यांचं ‘व्हॉट डू युनियन्स डू?’ (१९८४) हे पुस्तक कामगार-अर्थशास्त्र शिकताना टाळता येत नाही. मांडणी सरळ आहे. युनियनला दोन चेहरे असतात. एक मक्तेदारीचा, जो बाजारभावापेक्षा जास्त पगार मिळवतो. दुसरा सामूहिक आवाजाचा. नाराज कामगार एकतर नोकरी सोडतो, नाहीतर तोंड उघडतो. युनियन असेल तर बोलणं सोपं होतं आणि नोकरी सोडणारे कमी होतात. पगाराचा परिणाम वेगळा काढला तरी हे दिसतं, असं लेखक आकडेवारीतून दाखवतात.

आता हे अमेरिकन पायलटांना लावून बघा. तिथे विमान कुठलं, कॅप्टन कधी होणार, ड्युटी आणि सुट्टी कुठली, हे सगळं सीनिऑरिटी नंबरवर ठरतं. विमान आणि पदावरून पगारही. कंपनी बदलली की नंबर पुन्हा तळाशी. वीस वर्षांचा कॅप्टनसुद्धा दुसरीकडे साधारणपणे नवा फर्स्ट ऑफिसर म्हणूनच लागतो. मग तो नोकरी सोडत नाही, ते आवाज मिळाला म्हणून, की दार बंद आहे म्हणून? राजीनाम्यांच्या आकड्यात दोन्ही सारखेच दिसतात. सीनिऑरिटीला आवाजाचं फळ मानलं की हा फरक पुसला जातो. माझा पहिला आक्षेप हा.

दुसरा आक्षेप ‘सामूहिक’ या शब्दावर. २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एकत्र आल्या. दोन्हीकडचे पायलट एकाच युनियनचे, आल्पाचे. दोन याद्या जोडायचं काम लवादाकडे गेलं. २००७ च्या निवाड्यात यूएस एअरवेजचे ले-ऑफवर असलेले जुने पायलट अमेरिका वेस्टच्या नुकत्याच लागलेल्या, पण कामावर असलेल्या पायलटांच्याही खाली गेले. यूएस एअरवेजवाले संख्येने खूप जास्त होते. २००८ मध्ये मतदान झालं, आल्पा गेली आणि नवी युनियन आली. आवाज होताच, पण बहुमताचा! आणि या भांडणात दोन्ही गट कित्येक वर्षं वेगवेगळ्या जुन्या करारांवर उडत राहिले. यूएस एअरवेजवाले तर दिवाळखोरीत कापलेल्या पगारावर. कंपनीशी घासाघीस करायची ताकद आपसातच खर्ची पडली.

युनियन दारात उभ्या असलेल्या नव्या माणसापेक्षा मुरलेल्या कामगाराकडे जास्त लक्ष देते, हे पुस्तकातच आहे. पण सरासरीच्या आकड्यांतून त्याची किंमत कोणी मोजली हे कळत नाही.

म्हणून पुस्तक वाचाच, पण प्रपोजलमध्ये ‘राजीनामे कमी, म्हणजे आवाज आहे’ असं लिहिण्याआधी दोन गोष्टी तपासा: सोडून जायला काय गमवावं लागतं, आणि यादीत तळाशी कोण आहे.