पॉलिंग आणि 'क' जीवनसत्त्व

मागच्या व्याख्यानात आपण पॉपरचा मुद्दा पाहिला. जे विधान कुठल्याही परिस्थितीत खोटं ठरू शकत नाही, ते विज्ञानाचं विधान नव्हे. प्रत्यक्षात हे किती अवघड जातं, ते बघायला आज लायनस पॉलिंग घेऊ.

पॉलिंग म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. 1954 चं रसायनशास्त्राचं नोबेल, 1962 चं शांततेचं, दोन्ही एकट्याच्या नावावर. 1970 साली त्यांनी सर्दी आणि 'क' जीवनसत्त्वावर पुस्तक लिहिलं आणि अमेरिकेत गोळ्यांचा खप एकदम वाढला. सर्दीचा निकाल थोडक्यात सांगतो. रोज गोळी घेऊन सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही. झालीच तर मोठ्यांमध्ये साधारण 8 टक्के कमी काळ टिकते. आठवड्याच्या सर्दीत जेमतेम अर्धा दिवस!

खरा प्रश्न कॅन्सरचा. 1976 साली पॉलिंग आणि स्कॉटलंडचे सर्जन इवान कॅमेरॉन यांनी 100 असाध्य रुग्णांची तुलना जुन्या नोंदींतल्या 1000 रुग्णांशी केली. 'क' जीवनसत्त्व घेणारे सरासरी 210 दिवसांहून जास्त जगले, बाकीचे 50. पण दिवस मोजले कुठून? रुग्ण 'असाध्य' ठरला तिथून. आता बघा, ज्या डॉक्टरच्या हातात द्यायला काही आहे, तो 'बाकीचे उपाय संपले' हे लवकर म्हणू शकतो. जुन्या डॉक्टरने ते अगदी शेवटी म्हटलं असेल. मग आयुष्य वाढलं, की मोजणीच आधी सुरू झाली?

मेयो क्लिनिकने 1979 साली चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले आणि एका गटाला नुसती दिखाऊ गोळी दिली. फरक दिसला नाही. पॉलिंग म्हणाले, यातल्या बहुतेकांनी आधी केमोथेरपी घेतली होती, त्यांची प्रतिकारशक्ती खचलेली होती. मला हा आक्षेप आवडतो, कारण तो तपासता येत होता. आणि तपासलाही. 1985 साली, आतड्याचा कॅन्सर पसरलेले, आधी केमो न घेतलेले 100 रुग्ण, रोज 10 ग्रॅम. पुन्हा काही नाही. यावर पॉलिंग म्हणाले, गोळ्या लवकर थांबवल्या. यातही तथ्य असेल, पण कुठला निकाल आला असता म्हणजे त्यांनी आपला दावा सोडला असता? मला तसा निकाल दिसत नाही.

1994 साली ते प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले. त्यावर कृपा करून हसू नका. 93 वर्षांच्या एका माणसाच्या मृत्यूने काही सिद्ध होत नाही, जसं बऱ्या झालेल्या एका काकूंनीही होत नाही.

एक गोष्ट शिल्लक राहते. कॅमेरॉन सुरुवातीला औषध शिरेतून देत. मेयोत ते तोंडाने दिलं. तोंडाने कितीही घेतलं तरी रक्तातली पातळी एका मर्यादेपलीकडे जात नाही, शिरेतून जाते. म्हणून शिरेतून देण्याचा अभ्यास अजून चालू आहे. सलाईन विकणारे मात्र हा प्रश्न उत्तर म्हणूनच विकतात. घरातल्या पेशंटला कोणी केमो सोडून यावर विसंबायला सांगितलं, तर त्याला एवढंच विचारा: किती आठवड्यांत, कुठल्या तपासणीत काय दिसलं नाही तर तुम्ही हे बंद कराल? आणि पेशंटला पूर्वी मूतखडा झाला होता का, हे त्याने आधी विचारलं का, तेही बघा.