लाल डगल्यामागचे हात

हैदराबादला आमच्या एका नातलगांच्या दिवाणखान्यात फौजेतल्या घोडेस्वाराचं जुनं चित्र आहे. लग्नघरात पहिल्यांदा ते पाहिलं आणि हातात फराळाचं ताट घेऊन मी तशीच उभी राहिले. काय तो लाल डगला! घरमालक म्हणाले, "वहिनी, दीडशे वर्षांहून जुनं आहे. हातानं रंगवलेलं. आता मिळत नाही असं."

कोळारला परतल्यावर मी त्याविषयी मिळेल ते वाचलं. लंडनच्या अ‍ॅकरमन प्रकाशनगृहाने १८४०च्या दशकात कंपनी सरकारच्या फौजांच्या पोशाखांची ही चित्रमाला काढली. बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तिन्ही इलाख्यांच्या पलटणी तीत आहेत. चित्रं हेन्री मार्टेन्सची, कोरीव काम जे. हॅरिसचं. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून चित्र छापायचं आणि मग एकेक प्रत हाताने जलरंगांत रंगवायची, अशी ही रीत.

चित्रं सुरेख आहेत, हे आधी कबूल करते. गोंडे, कशिदा, पट्टे, बटणं सगळं असं नेमकं, की शिंप्याने समोर ठेवून डगला बेतावा. पण चेहऱ्याकडे बघा. मी पाहिलेल्या चित्रांत चेहरे एकाच साच्यातले. पलटण कोणती ते कळतं, माणूस कोण ते कळत नाही. घर सोडून चाकरीला गेलेला कुणाचा तरी मुलगा तिथे उभा आहे, असं काही मनात येत नाही.

आता खालच्या कोपऱ्यांत बघा. डावीकडे चित्रकाराचं नाव, उजवीकडे कोरणाऱ्याचं. रंग भरणाराचं नाव कुठेच नाही. त्या काळी लंडनच्या कारखान्यांत हे काम बहुतेक बायका आणि मुलं करत. समोर एक रंगवलेला नमुना ठेवायचा. एकीने लाल भरायचा, कागद पुढे सरकवायचा, दुसरीने निळा. म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रती कधी तंतोतंत सारख्या नसतात. जाणकार किंमत करतात ती या हातकामामुळे, आणि हात मात्र बेनाव. बायांनो, हे आपल्याला काही नवं नाही.

माझी खरी अडचण त्या लाल रंगापाशी आहे. चित्रात लालासाठी हिंगूळ तरी वापरत, नाहीतर किरमिजी किड्यांपासून केलेला रंग. खुद्द डगल्याचं म्हणाल, तर साध्या शिपायाचं कापड मंजिष्ठाच्या मुळांत रंगे, अधिकाऱ्याचं झगझगीत लाल किरमिजी किड्यांत. या शब्दातच किडा आहे. फारसीत किर्म म्हणजे किडा, आपल्या कृमीचाच भाऊबंद. एक पौंड सुके किडे म्हणजे सुमारे ७०,००० जीव. हा माल मेक्सिकोतून, स्पेनच्या हातून येई. ती मक्तेदारी मोडावी म्हणून १७९५ साली ब्राझीलहून किडे कलकत्त्याला आणले, पण ते हलक्या जातीचे निघाले. फड्या निवडुंगावर वाढणारा जीव हा. आपल्या बांधावर असतो ना, तोच निवडुंग.

आपल्याकडे हिंसा तीन वाटांनी लागते: कृत, कारित, अनुमोदित. आपण केली नाही, करवली नाही. पण "वा, काय लाल आहे!" म्हणत मी ताट धरून उभी राहिले, ती अनुमोदना झाली की नाही? लगेच दुसऱ्याकडे बोट दाखवायला नको. त्या दिवशी माझ्या अंगावर रेशमी साडी होती. रेशमाचे कोश उकळतात हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

चित्र भिंतीवरून उतरवा, असं मी सांगणार नाही. सुंदर वस्तू डोळ्याआड केल्याने तिच्यातलं पाप धुतलं जात नाही. मात्र तिची वाखाणणी दुर्मिळपणावर आणि किमतीवर संपू नये. परवा पुन्हा त्या घरी गेले, तेव्हा तिथल्या लहान नातीला जवळ घेऊन कोपऱ्यातली दोन्ही नावं वाचून दाखवली. ती म्हणाली, "आज्जी, मग रंग कुणी दिला?"

घरमालक इतकी वर्षं ते चित्र दाखवत आहेत. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.