‘स्मृतिचित्रां’तील कृतज्ञता आणि नम्रता

संकटकाळी कृतज्ञ असावे, हा ख्रिस्ती अध्यात्मजीवनातील एक मूलभूत उपदेश होय. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने तो केला आहे. तेथील ग्रीक ‘एन्’ हे अव्यय अधिकरणवाचक आहे. उपकारस्मरण करावयाचे ते प्रत्येक स्थितीत, प्रत्येक स्थितीबद्दल नव्हे. हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. दुःखाबद्दलच आभार मानावयाचे ठरल्यास दुःख देणाऱ्यास जाब विचारण्याची वाट बंद होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चे (१९३४ पासून भागशः प्रसिद्ध) आध्यात्मिक मोल या भेदाच्या आधारे ठरवावयास हवे.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीस विश्वासात न घेता. त्यानंतर सुमारे पाच वर्षे उभयतांची ताटातूट झाली. पुढे १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही तोच धर्म स्वीकारला. या घटना सांगताना उत्तरकालीन श्रद्धेचा मुलामा पूर्वीच्या आकांतावर चढविणे सहज शक्य होते. लेखिकेने तसे केलेले नाही. तेव्हाचा घाव तिने घाव म्हणूनच नोंदविला आहे. पुढील आयुष्यात लाभलेला आसरा व स्नेह यांचे ऋणही तितक्याच स्पष्टपणे मानले आहे. एकाने दुसऱ्याची वजाबाकी होत नाही.

पतीचा निर्देश ‘टिळक’ असा करण्याची तिची पद्धती या संदर्भात लक्षणीय आहे. नाव न घेता ‘हे’ किंवा ‘इकडून’ म्हणण्याचा तत्कालीन संकेत तिने येथे बाजूला ठेवला आहे. क्रियापद मात्र आदरार्थी बहुवचनीच आहे. त्यामुळे आदर राहतो आणि अंतरही मिळते. त्या अंतरावरूनच टिळकांचा शीघ्रकोप, विसराळूपणा आणि खर्चिकपणा यांचे वर्णन संभवते. नम्रतेने येथे सत्याचा बळी घेतलेला नाही.

स्वतःविषयी लिहिताना हीच नम्रता विनोदाचे रूप घेते. पतीजवळ परतल्यावरही काही काळ वेगळा स्वयंपाक करणारी, सोवळे जपणारी आपलीच मूर्ती लेखिका हसतहसत दाखविते, तिचा धिक्कार करीत नाही. मनुष्य टप्प्याटप्प्याने बदलतो, हे तिने स्वतःवरून जाणले आहे. या हसऱ्या शैलीला एक मर्यादाही आहे. काही ठिकाणी वेदना जेथे थांबून पाहावयास हवी, तेथे विनोद वाचकास चटकन पुढे नेतो. म्हणूनच हा ग्रंथ निव्वळ गमतीदार आठवणींचा संग्रह असल्याचा समज होऊ शकतो.

तो समज अपुरा आहे. ‘कृतज्ञ’ म्हणजे केलेले जाणणारा. जे झाले ते सर्व जाणावयाचे, तर त्यात उपकार येतात तसे अन्यायही येतात. अन्याय विसरून मानलेले आभार ही शिष्टाचाराची बाब होय. ‘स्मृतिचित्रां’तील कृतज्ञता स्मृतीवर उभी आहे, आणि म्हणूनच ती विश्वसनीय वाटते.